पाण्यावरचे पांढरे ठिपके

१

पडद्यावर एक म्हातारी लोखंडी शिडी चढत होती. अंगात पोहण्याचा काळा पोशाख, डोक्याला रबरी टोपी. शेवटच्या पायरीवर ती थांबली, खाली कॅमेऱ्याकडे पाहून तिनं एक डोळा मिचकावला, आणि दृश्य बदललं. आता ती उंच फळीच्या टोकाशी उभी होती. पण सगळंच चित्र काळवंडलं होतं, आणि खालच्या निळ्या पाण्यावर कुणी मूठभर पीठ भिरकावल्यासारखे पांढरे ठिपके नाचत होते. म्हातारीनं हात वर नेले, टाचा उचलल्या, उडी घेतली. ठिपके तिच्याबरोबर पाण्यात गेले नाहीत. ते हवेतच राहिले.

"बास. दिवे लावा," दिग्दर्शिका म्हणाली.

लॅबच्या मालकांनी दिवे लावले. छोट्या प्रेक्षागृहात तिघंच होती: दिग्दर्शिका, मालक आणि मागच्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून बसलेल्या बाई. बाईंनी आयुष्यभर फिल्मचं रसायनशास्त्र शिकवलं होतं. मालक त्यांचा विद्यार्थी. निवृत्तीनंतर कुठल्या लॅबमध्ये काही बिनसलं, की बाईंना बोलावणं यायचं.

"ही माझी आत्या," दिग्दर्शिका म्हणाली. "या तलावावर तिनं अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. मलासुद्धा. ढकलून."

"पुन्हा उडी मारायला सांगता येणार नाही?" बाईंनी विचारलं.

"तिला? ती आत्ता मारेल. तुमच्या या खुर्चीवरून मारेल. पण तलाव कुठाय? शूटिंग झालं त्याच आठवड्यात त्यात माती भरली. म्हणून तर तिला शेवटची उडी मारायची होती." ती मालकांकडे वळली. "तुम्ही काल फोनवर काय म्हणालात, ते यांनाही सांगा."

मालकांनी घसा साफ केला. "म्हणालो, की ज्याची चूक असेल तो संध्याकाळी लॅबच्या बाहेर असेल."

"आज संध्याकाळी?" बाईंनी चष्मा काढला. "मग मला घाई करायला हवी. माणूस शोधायचा म्हणजे वेळ लागतो."

"शोधायचं कुठे आहे, बाई! गुन्हा कबूल झालाय."

"कुणी केला?"

मालकांनी कपाळावर हात मारला. "तीच तर पंचाईत आहे. दोघांनी केलाय. वेगवेगळा."

२

दिग्दर्शिकेला बाहेर चहा देऊन बसवलं आणि बाईंनी चारही रिळं प्रकाशाच्या टेबलावर मागवली. भिंग डोळ्याला लावून त्या एकेक रीळ पाहत गेल्या. मालक मागे येरझाऱ्या घालत होते.

"तू वर्गातही असाच फिरायचास. बस."

मालक बसले.

"पडद्यावर पांढरा ठिपका म्हणजे निगेटिव्हवर काय?"

"काळा," मालक शाळकरी आवाजात म्हणाले.

"काळाच आहे. कोरडी पूड आहे, काजळीसारखी. पहिली दोन रिळं स्वच्छ आहेत. तिसऱ्याच्या पहिल्याच चित्रापासून ठिपके दाट, मग विरळ होत जातात, चौथ्याच्या शेवटी तर शोधावे लागतात. शिवाय तिसरं आणि चौथं ही दोन्ही फिकी उतरलीयत, निगेटिव्ह फिकी म्हणून पडद्यावर काळोख. डेव्हलपरमध्ये पुरेशी राहिली नाहीत."

"फिल्मच खराब असणार. जेव्हापासून ही नवी आलीय..."

"नवीला काय झालं?"

मालकांची तक्रार जुनी होती. पूर्वी सिनेमाच्या निगेटिव्हच्या पाठीवर काजळीचा पातळ थर असायचा. लॅबमधली माणसं त्या फिल्मला 'काळ्या पाठीची' म्हणत. दिव्याचा प्रखर प्रकाश फिल्मच्या आरपार जाऊन मागून परत फिरला, तर दिव्याभोवती लाल वलय उमटतं; ती काजळी तो प्रकाश गिळून टाकायची. घासून तयार होणारी वीज वाहून न्यायची, ओरखडे स्वतःवर घ्यायची. फक्त डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, उतरण्याआधी तिला काढून टाकावं लागे. त्यासाठी मशीनच्या तोंडाशी एक वेगळा भाग होता, काळी धुलाई: एक सौम्य अल्कलीचा हौद, ज्यात काजळी भिजून सुटायची, आणि मग पाण्याचे फवारे आणि मऊ रूळ, जे तिला पुसून काढायचे.

नव्या फिल्मला काळी पाठच नव्हती. प्रकाश गिळणारा थर आता चित्राच्या खाली, आतच घातलेला होता, आणि तो डेव्हलपमध्ये आपोआप विरून जायचा. धुवायला काही उरलंच नव्हतं. मालकांनी काळी धुलाई उखडून टाकली होती, आणि आता फिल्म थेट डेव्हलपरमध्ये उतरत होती.

"पाणी वाचलं, जागा वाचली," मालक म्हणाले. "आणि तुम्ही म्हणायच्या आधी सांगतो. काळ्या पाठीची फिल्म चुकून मशीनमध्ये जायचा प्रश्नच नाही. गोदाम मी स्वतः रिकामं केलंय. स्वतः! काळ्या पाठीची वीतभर फिल्मसुद्धा या इमारतीत नाही."

बाईंनी भिंग चौथ्या रिळाच्या कडेवर आणलं. फिल्मच्या कडेला कारखान्यातच तिचा प्रकार छापलेला असतो. त्यांनी चारही रिळं तपासली.

"कॅमेरामननं चुकून एखादं जुनं रीळ वापरलं असेल, असं मला वाटलं होतं. तसं नाही. चारही नवी आहेत."

"तेच म्हणतोय मी!"

"पण ही काजळी आहे," बाई म्हणाल्या. "नव्या फिल्मला काजळी नसते, जुनी फिल्म इमारतीत नाही, आणि तरी ती तिसऱ्या रिळाच्या तोंडाशी येऊन बसलीय. तुझ्या पहिल्या गुन्हेगाराला पाठव."

३

मशीन चालवणाऱ्या गृहस्थांना सगळी लॅब मामा म्हणायची. उंच, सडपातळ, केस चापून बसवलेले. अंगातला पांढरा कोट कडक इस्त्रीचा. उजवा हात कोटाच्या खिशावर होता, आणि खुर्चीत बसल्यावरही तो तिथून हलला नाही.

"मशीनचा वेग मी वाढवला," त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "तिसऱ्या रिळाच्या आधी. वेग वाढला की डेव्हलपरमध्ये फिल्म कमी वेळ राहते. म्हणून फिकी उतरली."

"का वाढवलात?"

"वाटलं."

"इतकी वर्षं मशीन चालवताय. याआधी कधी असं वाटलं होतं?"

"वय झालं की वाटतं काहीबाही."

बाईंनी मान डोलावली. "आणि ठिपके?"

मामांनी छताकडे पाहिलं. "धूळ असेल. मी झाडलं नसेल नीट."

"तुम्ही?" बाईंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. बुटांत खोलीचा दिवा दिसत होता. "मामा, धूळ राखाडी असते, तंतुमय असते. ही काजळी आहे. तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली ओळखता येते. जन्मभर धुतलीत."

मामांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मशीनमध्ये फिल्म कशी जाते, ते मला पायरीपायरीनं सांगा. कालची."

"अंधारात एकाला एक जोडून. आधी चाचणीची पट्टी, मग पहिलं रीळ, दुसरं रीळ, मग पुन्हा एक पट्टी, मग उरलेली दोन." त्यांचा आवाज सैल झाला, कामाबद्दल बोलायला त्यांना आवडत होतं. "दोन रिळांमध्ये कोरी फिल्म जोडतो आम्ही, लांबलचक. पट्टी तिच्या तोंडाशी. म्हणजे पट्टी बाहेर येते, तेव्हा पुढचं रीळ अजून अंधाऱ्या डब्यात असतं. पट्टी केमिस्ट मॅडमकडे जाते. त्या मोजतात, सांगतात, मग पुढचं रीळ आत."

"केमिस्ट मॅडम म्हणजे तुमची सून."

"घरी सून. इथे मॅडम. इथे मी तिला अहो-जाहो करतो, ती घरी गेल्यावर माझ्यावर त्याचं उट्टं काढते." ते हसले, आणि लगेच सावरले. "तिनं मला काही सांगितलं नव्हतं. वेग माझ्या डोक्यानं वाढवला."

"ती दुसरी पट्टी कुठाय?"

"टाकली असेल कुणी."

"पट्ट्या कधी टाकत नाहीत, मामा."

मामा उठले. "संध्याकाळी मी जातो म्हणून मालकांना सांगितलंय. माझं वय झालंच होतं. तिची आत्ता कुठे सुरुवात आहे." दाराशी ते थांबले. "तिला जास्त विचारू नका. ती बोलेल काहीतरी."

४

केमिस्ट खरोखरच बोलली. आत आली ती बोलतच.

"बाबांनी काय सांगितलं असेल ते खोटं आहे. मी सांगितलं वेग वाढवा म्हणून. ते नको म्हणत होते. म्हणाले, डेव्हलपर कालच्यासारखाच वास मारतोय, काही बदललेलं नाही. मी म्हटलं, बाबा, वासानं नाही, मीटरनं चालायचं. मग त्यांनी वाढवला. बाई, चूक माझी आहे. जायचं तर मी जाते."

"बस. पाणी पी. तू माझ्या शेवटच्या तुकडीतली ना? खिडकीजवळ बसायचीस."

"हो. तुम्हाला आठवतंय?"

"खिडकीजवळ बसूनही फळ्याकडे बघायचीस, म्हणून आठवतंय. मीटरवर काय दिसलं?"

चाचणीची पट्टी म्हणजे कारखान्यातूनच ठरावीक प्रकाश देऊन आलेला फिल्मचा तुकडा. तिच्यावर पायऱ्या असतात, कोऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत. डेव्हलपर ठीक असेल तर प्रत्येक पायरी ठरलेल्या काळेपणाची उतरते. मीटर तो काळेपणा मोजतं.

"सकाळची पट्टी अगदी बरोबर होती," केमिस्ट म्हणाली. "दुसरी चढलेली आली. म्हणजे डेव्हलपर जोरात चाललाय. म्हणून वेग वाढवायला सांगितला. बरोबर ना?"

"कुठली पायरी मोजलीस?"

"मधली. मशीन थांबलेलं असताना सगळ्या नाही मोजत. सकाळी मोजतो सगळ्या."

"तिन्ही रंगांत चढली होती?"

"तिन्ही. सारखीच." ती थांबली. "सारखीच चढली होती. ते जरा विचित्र वाटलं मला. पण मालक वरून ओरडत होते, किती वेळ, किती वेळ. आधीच पट्टीपायी खोळंबा झाला होता."

"कसला?"

"नव्या पट्ट्यांचा खोका सकाळीच संपला. मालक म्हणाले, पट्टीशिवाय घाला. मी म्हटलं, पट्टीशिवाय मी हे रीळ आत सोडणार नाही, हवं तर तुम्ही सोडा. मग पाय आपटत गेले आणि पट्टी घेऊन आले."

"मामा तेव्हा होते तिथे?"

"ते अंधारखोलीत जोडण्या करत होते. मी खिडकीतून पट्टीचं उजेडबंद पाकीट तसंच आत सरकवलं." तिनं हाताची बोटं एकमेकांत गुंतवली. "बाई, मी काल रात्रभर विचार केला. नंतर ती पट्टी पुन्हा मोजायला गेले, तर टेबलावर नव्हती. मी चुकीचंच वाचलं असणार. बाबांना म्हटलं, तर म्हणाले, तू काही बोलू नकोस, मी बघतो. ते काय बघणार? ते घरी बसले तर आठ दिवसांत आजारी पडतील. त्यांना मशीनच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. सुटीच्या दिवशी दुपारी मिक्सर लावायला सांगतात."

बाई हसल्या नाहीत. त्या तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहत होत्या.

"तुम्हा दोघांचे कोट कोण धुतं?"

"ज्याचा तो. बाबा तर मला हातही लावू देत नाहीत. का?"

"मघाशी त्यांच्या कोटाच्या खिशाची कड काळी दिसली," बाई म्हणाल्या.

५

मालकांनी मधल्या खोलीत डोकं घातलं. "काय, ठरलं? मामा की मॅडम? एरवी चूक झाली की सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. हे दोघं चुकीसाठी भांडतायत, जसं काही बक्षीसच आहे."

"दोघांनाही घेऊन ये. दिग्दर्शिकेलाही बोलाव. आणि थोडा धुण्याचा सोडा, कोमट पाणी, एक पांढरा रुमाल."

"जादूचा खोका पण आणू का, ससा काढायला?"

"ससा तूच काढणार आहेस," बाई म्हणाल्या.

सगळे जमले. मामा दाराजवळ उभे राहिले, हात खिशावर. बाई त्यांच्यासमोर गेल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला, वर्गात चिठ्ठी पकडल्यावर करायच्या तसा.

"द्या, मामा."

मग मामांनी हळूच खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पट्टी बाईंच्या हातावर ठेवली.

केमिस्ट उभी राहिली. "बाबा?"

"काल रिळं सुकून बाहेर आली, तेव्हा ठिपके बघूनच कळलं मला," मामा खाली मान घालून म्हणाले. "काजळी आहे म्हणून. रिळं नवी, मग उरली पट्टी. टेबलावर होती. पाठीवरून अंगठा फिरवला, काळा झाला." ते सुनेकडे न बघता पुढे म्हणाले, "माणसाच्या हातून होतं. घाईत भलती पट्टी उचलली जाते."

"कुणी उचलली?" केमिस्टचा आवाज बारीक झाला.

बाईंनी पट्टी मीटरखाली सरकवली. "ये इकडे. आता सगळ्या पायऱ्या मोज. कोऱ्यापासून."

तिनं मोजल्या. तिसऱ्या पायरीलाच तिचा हात थांबला. "सगळ्या चढल्यात. कोरीसुद्धा. आणि सगळ्या सारख्याच."

"डेव्हलपर जोरात चालला असता तर?"

"तर काळ्या पायऱ्या जास्त चढल्या असत्या. कोरी जवळपास जागेवर राहिली असती. तिथे डेव्हलप व्हायला काही नसतंच."

"आणि सगळ्याच सारख्या कधी चढतील?"

"समोर धुरकट काच धरली तर." ती खुर्चीवर बसली. "डेव्हलपरला काही झालंच नव्हतं. पट्टीच्या पाठीवर काजळी राहिली होती. मी काजळी मोजली. निगेटिव्हला मुळातच नारिंगी झाक असते, त्यावर डोळ्यांना कळलंच नाही."

"मग ठिपके आणि फिकेपणा एकाच गोष्टीचे?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"एकाच पट्टीचे," बाई म्हणाल्या. "काळ्या पाठीची पट्टी थेट डेव्हलपरमध्ये उतरली. काजळी तिथे भिजून अर्धवट सुटली, रुळांना चिकटली, आणि मागून येणाऱ्या तुमच्या आत्याच्या अंगावर बसली. अर्धी पट्टीवरच राहिली, मीटरला फसवायला. म्हणून वेग वाढवला गेला. म्हणजे काजळीनं एकदा हातानं घाण केली, आणि एकदा खोटं बोलून."

"पण जुनी पट्टी आली कुठून?" मालक म्हणाले. "इमारतीत तर..." ते मध्येच थांबले.

६

"बोल," बाई म्हणाल्या.

"नाही, मी म्हणत होतो, की पट्टी म्हणजे काही फिल्म नव्हे."

"मग काय आहे? कापड?"

"तसं नाही, बाई. फिल्म म्हणजे रीळ. डबा. ती सगळी मी पाठवून दिली. पट्ट्या मागच्या बोळातल्या फ्रीजरमध्ये असतात, त्या वेगळ्या. त्या आपल्या... मोजपट्टीसारख्या. अवजार. फूटपट्टी कुणी गोदामात मोजतं का?"

"जा, आण."

मालक गेले आणि बर्फाची पूड लागलेला एक खोका घेऊन आले. बाईंनी त्यातलं एक पाकीट उजेडातच फोडून पट्टी काढली. सोडा पाण्यात विरघळवला, रुमालाचं टोक त्यात बुडवलं आणि पट्टीच्या पाठीवरून एकदाच ओढलं. रुमाल मालकांसमोर धरला. त्यावर शाईसारखा काळा पट्टा उमटला होता.

"काल हिच्या हातात पट्टी कुणी दिली?"

मामांनी झटकन मान वर केली. "ती तिनंच आणली होती ना?"

"मालकांनी आणली," केमिस्ट म्हणाली. ती मालकांकडे नव्हे, सासऱ्यांकडे बघत होती. "नव्या संपल्या म्हणून."

"तुम्हा तिघांकडे एकेक तुकडा होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "पट्टी काळी आहे हे मामांना माहीत, पण ती कुणी आणली हे नाही. कुणी आणली हे हिला माहीत, पण ती काळी आहे हे नाही. आणि तुला, बाळा, दोन्ही माहीत असायला हवं होतं. काळ्या पाठीची फिल्म बंद झाली म्हणून तू धुलाई उखडलीस. पण ती फिल्म ज्या पट्टीनं मोजायचास, तिची पाठ काय रंगाची, हे बघितलं नाहीस. कारखान्यानं फिल्मची रचना बदलली तर तिच्याबरोबर सगळं बदलतं. ती मोजायची पट्टीसुद्धा."

मालक रुमालाकडे बघत राहिले.

"आता मला सांगा," दिग्दर्शिका म्हणाली, "संध्याकाळी बाहेर कोण जाणार?"

प्रश्न सरळ होता. मालकांच्या मानेवर लाली चढली. त्यांनी मामांकडे पाहिलं, केमिस्टकडे पाहिलं. पळवाट दिसली असती तर त्यांनी ती घेतलीही असती, बाईंना तसं त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग ते म्हणाले, "मी शब्द दिलाय. चूक माझी आहे. लॅब हे दोघं चालवतील. तशीही तेच चालवतात."

"तुम्ही घरी जाऊन बसलात, तर माझे ठिपके निघणार आहेत का?"

"नाही."

"मग मला तुमच्या जाण्याचा काय उपयोग? बाई, निघतील का ते?"

"बरेचसे," बाई म्हणाल्या. "काजळी चित्रात मुरत नाही, वर बसते. काळ्या धुलाईचंच पाणी करायचं, हातानं, थोडं थोडं भिजवायचं, मखमलीनं टिपायचं. घासलं तर चित्रच जाईल. दोन-चार ठिपके राहतील. फिकेपणा मात्र जाणार नाही. सावल्यांत थोडे दाणे दिसतील."

"आत्याच्या तोंडावर सुरकुत्या आहेतच. दाण्यांचं तिला काही वाटणार नाही." दिग्दर्शिकेनं आपली पर्स उचलली. "कुणी जायचं नाही. पण हे सगळं तिला फोन करून तुम्ही सांगायचं, मालक. तुम्ही स्वतः. आणि ती ओरडायला लागली की फोन ठेवायचा नाही."

७

काळ्या धुलाईचं पाणी मामांनी कालवलं. प्रमाण त्यांना तोंडपाठ होतं. केमिस्टनं त्यातलं अल्कलीचं प्रमाण दुसऱ्या मीटरनं तपासलं आणि मान डोलावली. बाईंनी आधी तिसऱ्या रिळाच्या तोंडाशी जोडलेला कोरा तुकडा भिजवायला लावला. काजळी सुटली. मखमलीवर बारीक काळे दाणे उतरले आणि खालची फिल्म साफ निघाली.

"आता खरं रीळ," बाई म्हणाल्या.

मामांनी बाह्या दुमडल्या आणि तिसऱ्या रिळाला हात घातला. केमिस्टनं रिळाची दुसरी बाजू धरली.

"तुम्ही सोडा ते, बाबा."

"अगं, ही आत्याची उडी आहे. दुसरी नाही. मी करतो, तू दिवा धर."

"तुम्हाला वाटलं, मी काळी पट्टी उचलली."

मामांनी रिळावरची पकड घट्ट केली.

"माझ्यासाठी नोकरी सोडायला निघालात. घरी मी सगळ्यांना सांगितलं असतं, बघा, सासरे असावेत तर असे. पण एकदा मला विचारलं नाहीत. सूनबाई, पट्टी कुणी आणली? एवढंच. पाकीट बघितल्याशिवाय मी पट्टी उचलेन असं वाटलं तुम्हाला?"

"पण बघितलं तर तूही नाहीस," मामा हळूच म्हणाले. "मालकांनी दिलेली."

तिच्या तोंडाचा रंग उतरला. "नाही बघितलं. ते माझं. त्यासाठी ओरडा. पण वाचवू नका."

बाई खिडकीकडे वळल्या. मागे कुणीतरी नळ बंद केला.

"मखमल एकाच दिशेनं फिरवायची," मामा म्हणाले.

"माहितीय."

"हं. माहितीच असणार."

त्यांनी रिळावरचे हात काढले. टॉवेलला पुसले, बाह्या सरळ केल्या, बटणं लावली. दाराशी पोचल्यावर ते थांबतील, मागे वळून अजून एखादी सूचना देतील, असं बाईंना वाटलं. ते थांबले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं, आणि काचेपलीकडून आत न बघता बोळातल्या बाकावर बसून राहिले.

आत केमिस्टनं दिवा जवळ ओढला. शिडीच्या टोकावरची म्हातारी आता फळीवर आली होती. सुनेनं मखमल भिजवली, पिळली, आणि पहिल्या चित्रावर टेकवली.